वर्षाच्या पहिल्या दिवशी शीकंगला कोण जाणार

फांग मास्तरांनी नवा कागद छापून आणला तेव्हा मी त्यांच्याच पडवीत बसून त्यांच्या घरची जुनी रजई पिंजत होते. कागद म्हणजे आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांचा नेमणुकीचा कागद. बारा गावं, बारा उपदेशक, तीन महिन्यांचे रविवार. कोणत्या रविवारी कुणी कुठल्या गावी जाऊन उपदेश करायचा ते त्यात लिहिलेलं असतं. आमच्या डोंगरात मंडळीला पगारी पाळक कधी परवडलाच नाही. सुतार, शेतकरी, बाजारात बटणं विकणारा, ज्याला चार शब्द बोलता येतात तो उठतो, डोंगर ओलांडतो आणि दुसऱ्याच्या गावी जाऊन बोलतो. स्वतःच्या गावी मात्र कुणी बोलायचं नाही. पिकतं तिथं विकत नाही, हे आमच्या वाडवडिलांना पक्कं ठाऊक होतं.

ही पद्धत माझ्या आजेसासऱ्यांच्या काळात एका लाल दाढीच्या इंग्रज पाळकानं घालून दिली. तो खेचरावर बसून यायचा आणि आमच्या शेवया खाऊन त्याचं पोट बिघडायचं, एवढीच त्याची आठवण गावात उरली आहे. एक्कावन्न साली शेवटचा परदेशी माणूस बोटीत बसून गेला. लोकांना वाटलं, आता यांचं देऊळ ओस पडणार. एक रविवार चुकला नाही. परदेशी माणूस गेला, कागद राहिला.

मग सहासष्ट साली सरकारनं देवधर्मच बंद केला आणि कागदही राहिना. देवळाचं धान्याचं कोठार झालं, गीतांच्या वह्या चौकात जाळल्या, आणि ज्याच्या घरात नावांची यादी सापडेल त्याची धडगत नव्हती. तेव्हा तो कागद माझ्या डोक्यात आला. मुद्दाम कुणी दिला नाही. माझा नवरा पिंजारी, मी त्याची जोडीदारीण, आमच्याकडे गावोगाव फिरण्याचा परवाना. तो खांद्यावर पिंजण घेऊन पुढे, मी सुताची गुंडाळी घेऊन मागे. बोटांच्या बारा पेरांवर मी बारा गावं बसवली आणि दर महिन्याला एकेक माणूस एकेक पेर पुढे सरकवला. ज्या घरी रजई पिंजायची तिथल्या बाईच्या कानात सांगायचं, "पुढच्या खेपेला वरच्या गावचा सुतार येईल, पाट दुरुस्त करायला." पिंजण टणटण वाजत असायची, त्यामुळे शेजाऱ्याला काही ऐकू जायचं नाही. दहा वर्षं मी हे केलं. कुणी सुतार आजारी पडला किंवा पकडला गेला, तर पडदे ओढून, दबक्या आवाजात मीच बोलायचे. एकदा डुकरांच्या गोठ्यात बोलले होते. डुकरं फार शांत ऐकतात.

एकोणऐंशीनंतर दिवस पालटले आणि कागद परत कागदावर आला. फांग मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, मंडळ्यांचे वडीलधारे, अक्षर मोत्यासारखं. छपाईचं काम साहजिकच त्यांच्याकडे गेलं. माझ्याकडे काय आलं? सणाच्या जेवणाची भांडी घासणं.

"मास्तर," मी पिंजणीवरचा हात थांबवून विचारलं, "माझं नाव कुठाय?"

"तुमचं? पिंजारीण मावशी, तुमची सेवा देवाला ठाऊक आहे."

"देवाला ठाऊक आहे ते मलाही ठाऊक आहे. कागदाला का ठाऊक नाही?"

मास्तरांनी चष्मा पुसला. अडचण आली की ते चष्मा पुसतात. "असं आहे मावशी, बाईमाणूस एकटी डोंगर ओलांडून जाणार, लोक काय म्हणतील..."

"दहा वर्षं डोंगर काय तुमच्या पाठीवर बसून ओलांडले मी?"

"पुढच्या कागदात बघू."

हा तेरावा कागद होता. बारा वेळा मी हेच ऐकलं होतं. खरं सांगते, मला राग आला होता आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं होतं. जोवर कागद जवळ बाळगणं गुन्हा होता तोवर कागद म्हणजे मी होते. तो गुन्हा राहिला नाही तेव्हा मी त्यावर मावेनाशी झाले.

मला वाचता फारसं येत नाही, पण आकडे येतात. मी कागद हातात घेतला आणि बोट फिरवता फिरवता थांबले. "मास्तर, हा फेब्रुवारीचा दुसरा रविवार बघा."

"तेरा तारीख. शीकंगला, म्हणजे आमच्या इथं, तुमच्या लियानथांगचा चू योंगफू येणार. त्यात काय?"

"तेरा तारीख तुमच्या कॅलेंडरात. आपल्या पंचांगात तो वर्षाचा पहिला दिवस आहे."

मास्तरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तीस वर्षं पोरांना गणित शिकवलेला माणूस! पण चूक कबूल करतील तर ते मास्तर कसले. "रविवार तो रविवार. देवाला पहिला दिवस काय आणि दुसरा काय."

"देवाला काही नाही. देव येईल, उपदेशक येणार नाहीत."

"येतील. आपण शुभ-अशुभ मानत नाही." त्यांनी कागदाची घडी घातली आणि विषय संपवला.

पहिला दिवस उजाडला. त्या दिवशी घर झाडत नाहीत, सुरी चालवत नाहीत, कुणाला वाईट बोलत नाहीत, आणि घरचा कर्ता पुरुष गाव सोडून जात नाही. पहिल्या दिवशी बाहेर पडलेला माणूस वर्षभर बाहेरच भटकतो म्हणतात. त्यातून ज्या घरात मृत्यू झाला आहे त्या घरच्यांनी, आणि विधवेनं तर नक्कीच, दुसऱ्याचा उंबरा ओलांडायचा नसतो. माझा नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. दोन्ही वर्षं पहिल्या दिवशी मी घरात बसून एकटीनं टरबुजाच्या बिया फोडल्या होत्या.

यंदा मात्र त्या तारखेचं काय होतंय ते बघायला सकाळी मी योंगफूच्या दारावरून गेले. तो नवा निळा कोट घालून उंबऱ्याच्या आत उभा, पुस्तक काखेत, आणि दारात त्याची आई हातात पळी घेऊन. दाराच्या दोन्ही बाजूंना देवाच्या स्तुतीच्या लाल पट्ट्या चिकटवलेल्या, ओल्या खळीचा वास अजून येत होता.

"आज पाऊल बाहेर टाकलंस तर परत आल्यावर मी तुला दिसणार नाही!" आई ओरडत होती.

योंगफूनं मला हळूच खुणावलं. "मावशी, शीकंगला निरोप पाठवाल का? म्हणावं, योंगफूला ताप आला."

"वर्षाच्या पहिल्या दिवशी खोटं बोलू? वर्षभर बोलावं लागेल."

"मग काय सांगू? सगळीकडे हेच चाललंय. बाराच्या बारा जण घरात कोंडलेत. माझा मेव्हणा तर परसदारानं निघाला होता, बायकोनं बूट विहिरीत टाकले."

मला हसू आवरेना. बारा गावांत बारा उपदेशक घरोघर बसलेले, आणि स्वतःच्या गावात बोलायचं नाही म्हणून बाराही गावं मुकी. देवळाचं कोठार करणाऱ्यांना जे जमलं नव्हतं ते फांग मास्तरांनी एका कॅलेंडरनं करून दाखवलं होतं.

"तू बस घरी," मी म्हटलं. "शीकंगला मी जाते."

"तुम्ही?" योंगफूची आई पळीसकट वळली. "आज? तुम्हाला कोण आत घेणार?"

मी चालू लागले. अडीच कोस चढ, खडकांवर बर्फाचा पातळ थर. वाटेत ठरवलं, आज मास्तरांनी नाही म्हटलं तर नाही, पण पुन्हा विचारायचं नाही. एक तर आज बोलायचं, नाहीतर यापुढे गप्प भांडी घासायची. असं ठरवल्यावर चढ हलका झाला.

शीकंगचं देऊळ अजून कोठारच होतं, त्यामुळे मंडळी फांग मास्तरांच्या मोठ्या घरात जमायची. मी अंगणात पोचले तेव्हा आत गाणं चालू होतं. उपदेशक येईपर्यंत गात राहायचं अशी रीत आहे. नंतर कळलं, ते अकरावं गीत होतं आणि आवाज बसायला लागले होते. सण म्हणून बाहेरगावी बटणं विकणारे सगळे घरी आलेले, दीडदोनशे माणूस ओटीवर, जिन्यावर, चुलीपाशी दाटून बसलेलं.

उंबऱ्यावर मास्तरांची आई उभी होती. एक्याऐंशी वर्षांची, काठीसारखी ताठ. इतर दिवशी मी त्या घरात शंभर वेळा गेलेय, तिच्या अंगावरची रजई मीच पिंजलेली. तिनं मला पाहिलं आणि दोन्ही हात चौकटीला लावले.

"पिंजारीण, आज नको. उद्या ये, परवा ये, मी स्वतः शेवया वाढीन. आज पहिल्या दिवशी तुझं पाऊल नको."

"काकू, उपदेशक येत नाहीये. मी बोलायला आलेय."

"लीहुआला आठवा महिना आहे." नातसुनेचं नाव घेताना तिचा आवाज बारीक झाला. "आधीची दोन गेली. मला तुझं वाईट नाही गं वाटत. मला भीती वाटते."

मागून फांग मास्तर आले. कान लाल झालेले. "आई, आपण हे मानत नाही."

"तू मानत नाहीस ना? मग योंगफू का नाही आला? जा, त्याच्या आईला जाऊन सांग."

मास्तर चष्मा पुसायला लागले.

"काकू, चाळीस वर्षं ख्रिस्ती आहात तुम्ही," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, लपवत नाही.

"चाळीस वर्षं ख्रिस्ती आहे," म्हातारी म्हणाली, "साठ वर्षं आई आहे."

मी परत फिरले असते. खरंच एक पाऊल मागे टाकलं होतं. पण तेवढ्यात मला आठवलं, ही म्हातारी स्वतः तेहेतीस वर्षांपासून विधवा. इतक्या वर्षांत पहिल्या दिवशी ती दुसऱ्याच्या दारात गेली नव्हतीच, पण स्वतःच्या अंगणातसुद्धा उतरत नसे, न जाणो रस्त्यानं जाणाऱ्या कुणाला तिचं तोंड आधी दिसेल. जो नियम ती मला लावत होती तो तिनं आधी स्वतःला लावला होता. माझा राग तिथंच निम्मा उतरला. निम्मा राहिला, तो मास्तरांसाठी.

"ठीक आहे काकू," मी म्हटलं. "तुमचा उंबरा तुमच्यापाशी. मी ओलांडत नाही." आणि अंगणात मिरच्या वाळवायचं बाकडं होतं ते ओढलं, त्यावर चढले आणि ओरडले, "शीकंगकर! उपदेशक अंगणात आहे! घसे सुकले असतील तर बाहेर या!"

गाणं थांबलं. आधी खिडक्यांत डोकी आली. मग जिन्यावरची पोरं बाहेर आली, मग बायका, कारण बायकांना कळलं होतं बाकड्यावर कोण उभं आहे. मग पुरुष, खाकरत, इकडेतिकडे बघत. म्हातारीच्या काखेखालून वाकून वाकून माणसं निघाली, आणि ती चौकट धरून उभीच. पहिल्या दिवशी गावाला दुसरा उद्योग नसतो. शेजारच्या गल्लीतले, ज्यांचा आमच्या देवाशी काडीचा संबंध नाही असे लोकही बिया फोडत फोडत कुंपणाशी आले.

त्यांत गावचा चिटणीस होता, पक्षाचा माणूस. तो हळूच जवळ आला. "बाई, हे घरात करा. उघड्यावर परवानगी नाही."

"घरात मला घेत नाहीत. तुम्ही सांगून बघा त्यांना."

त्यानं म्हातारीकडे पाहिलं. म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलं. "अर्ध्या तासात उरका," तो म्हणाला आणि मास्तरांच्या जात्यावर जाऊन बसला.

मग मी बोलले. दहा वर्षं कुजबुजून कुजबुजून माझा आवाज किती मोठा आहे हे मीच विसरले होते. मी मोठमोठे शब्द वापरले नाहीत, मला ते येत नाहीत. मी रजईबद्दल बोलले. म्हटलं, वीस वर्षं अंगावर घेतलेल्या रजईचा कापूस फळीसारखा होतो. मळतो, घाम पितो, गोळे होतात. लोक म्हणतात, टाकून द्या. पिंजारी टाकत नाही. तो उसवतो, पसरतो आणि मारतो. तुम्हाला वाटतं मारून मारून संपवला. संध्याकाळी बघा, तोच कापूस, वजनाला तेवढाच, पण छातीएवढा फुगलेला. "आपल्याला किती मारलं ते तुम्ही पाहिलंय," मी म्हणाले. "या गावात सतरा माणसं होती आपली, तेव्हा मारायला सुरुवात झाली. आज मोजा. मला तर अंगण पुरत नाहीये."

कुणीतरी हसलं, कुणीतरी रडलं. जात्यावरचा चिटणीस बिया फोडायचा थांबला होता.

"पण एक सांगते," मी म्हटलं. हे मी ठरवून आले नव्हते. "वाईट झाल्याबरोबर आपण माणसाला कोपऱ्यात ठेवतो. नवरा मेला, ठेव कोपऱ्यात. मूल गेलं, ठेव कोपऱ्यात. दुसरं कुणी नाही ठेवत हो, आपणच ठेवतो आपल्याला. माझा नवरा गेल्यावर वर्षाच्या पहिल्या दिवशी मी घरात बसले, मला कुणी कोंडलं नव्हतं. कापूस असा कोपऱ्यात ठेवला तर त्याला कसर लागते. त्याला उन्हात काढावं लागतं. मी आज उन्हात आलेय. ऊन नाहीये ते सोडा."

एवढ्यात लीहुआ दारातून बाहेर पडली. पोट दोन्ही हातांनी सांभाळत, पायऱ्या एकेक करून उतरली आणि सरळ माझ्या बाकड्यापाशी येऊन उभी राहिली.

"लीहुआ, आत ये!" म्हातारी ओरडली.

"ऐकतेय मी आजी."

"आतून ऐक!"

"आतून नीट ऐकू येत नाही."

"अगं, गार आहे, घसरशील!" आणि नातसुनेला धरायला म्हातारी तरातरा निघाली. उंबरा ओलांडला, तीन पायऱ्या उतरली, अर्ध्या अंगणात आली, आणि तिथं तिच्या लक्षात आलं आपण कुठं आहोत. दोनशे माणसं तिच्याकडे बघत होती. वर्षाचा पहिला दिवस, कुंपणापलीकडे रस्ता, आणि विधवा म्हातारी उघड्यावर.

ती थिजली. मागे वळून दाराकडे पाहिलं. मी बोलायचं थांबले. मग कुंपणापाशी उभी असलेली एक शेजारीण, जी आमच्यातली नव्हती, तिनं दोन्ही हात जोडून, वाकून म्हटलं, "फांगआजी, नवं वर्ष सुखाचं जावो." तेहेतीस वर्षांत पहिल्या दिवशी तिला हे बाहेरच्या कुणी म्हटलं नव्हतं. म्हणणार कसं, ती दिसतच नव्हती. एकामागून एक सगळे म्हणू लागले. चिटणीससुद्धा जात्यावरून उठून म्हणाला.

म्हातारीनं लीहुआचा दंड धरला. ओढला मात्र नाही. दोघी तशाच उभ्या राहिल्या, आणि मी उरलेला उपदेश कसाबसा संपवला. शेवट चांगला झाला नाही, मला ठाऊक आहे. पण मी पोचवला.

प्रार्थना झाल्यावर लोक पांगले. मी बाकडं उचलून जागेवर ठेवलं आणि निघाले, कारण वाट लांबची होती.

"कुठं चाललीस?" म्हातारी दारातून म्हणाली.

"घरी, काकू."

"उपाशी? माझ्या दारातून उपदेशक कधी उपाशी गेलाय?" तिनं चौकटीवरचा हात काढला आणि बाजूला झाली. "आत चल. अंडी गार होतील."

मी उंबरा ओलांडला. म्हातारीनं स्वतः वाढलं. सुतासारख्या लांब शेवया, वर दोन अंडी, आल्याचा वास. लीहुआ माझ्या शेजारी बसून माझ्यापेक्षा जास्त जेवली.

फांग मास्तर समोर उभे होते. मग म्हणाले, "तारीख माझी चुकली."

"तारखेचं सोड," आई म्हणाली. "कागद काढ."

मास्तरांनी वसंताचा कच्चा कागद काढला, टेबलावर पसरला, पेनाचं टोपण उघडलं. एप्रिलच्या पहिल्या रविवारी योंगफूचं नाव होतं, ते त्यांनी खोडलं. पेन कागदावर टेकवलं आणि तिथंच थांबले. त्यांचे कान पुन्हा लाल झाले.

"मावशी," ते फार हळू म्हणाले, "तुमचं नाव काय?"

वीस वर्षांची ओळख. या माणसाचं नाव, त्याच्या गावाचं नाव, बाराही जणांची नावं मी दहा वर्षं जीव मुठीत धरून डोक्यात वाहिली होती. मला चिडायला हवं होतं. पण तोंडात शेवया होत्या, आणि त्या चांगल्या झाल्या होत्या.

"श्यांग रुइयुन," मी म्हणाले.

मास्तर लिहू लागले. म्हातारीला अक्षरओळख नाही. तरी ती त्यांच्या खांद्यावरून वाकली आणि कागदावर बोट ठेवून म्हणाली, "मोठं लिही रे."